पुण्याला नेहमी जातो, पण पुणं पाहिलंय का?

पुण्याला आपण सगळ्याच जातो. चुलतदिराच्या मुलीच्या लग्नाला जातो, भाचीच्या बाळाच्या बारशाला जातो, सासऱ्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला जातो, मुलाला वसतिगृहात सोडायला जातो. स्वारगेटला उतरायचं, रिक्षा करायची, कार्यालय नाहीतर दवाखाना गाठायचा आणि संध्याकाळी पुन्हा स्वारगेट. फार तर तुळशीबागेत अर्धा तास, तोही "आटपा आता, गाडी चुकेल" हे ऐकत ऐकत. वर्षानुवर्षं असं जाणं-येणं होतं. पण शनिवारवाडा आतून पाहिला आहे का, असं कुणी विचारलं तर आपण एकमेकींकडे बघतो!

आमच्या भिशीत एक काकू आहेत. यजमानांच्या आजारपणात दोन वर्षं त्या साताऱ्याहून पुण्याला खेपा घालत होत्या. "काकू, पुण्यात काय काय पाहिलंत?" असं एकीने सहज विचारलं, तर म्हणाल्या, "हॉस्पिटलचं कँटीन." सगळ्याजणी हसलो खऱ्या, पण मग जरा गप्प झालो. त्याच दिवशी सहाजणींनी ठरवलं, एकदा पुण्याला जायचं ते कुणाच्याही कामाशिवाय, फक्त पुणं पाहायला. आणि जायचं ते एसटीने, मेट्रोने आणि बसने.

"गाडी करून देतो की," असं घरोघरी यजमान म्हणालेच. पण सहाजणींची गाडी, तिचं पेट्रोल, ड्रायव्हरचं जेवण, शिवाय "इथे पार्किंग नाही, पुढे चला" हा त्याचा हुकूम! त्यापेक्षा आपलं तिकीट आपण काढावं आणि आपल्या मनाने उतरावं, हे बरं.

खर्चाचं गणित

१७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट आहे. सासूबाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या असतील तर त्यांचा एसटीचा प्रवास पूर्ण मोफत आहे. फक्त आधारकार्ड जवळ हवं. एक लक्षात ठेवा, ही सवलत एसटीची आहे. शहरातल्या पीएमपी बसला किंवा मेट्रोला ती लागू नाही. तिथे कंडक्टरशी वाद घालू नका!

मेट्रोचं तिकीट दहा रुपयांपासून पस्तीस रुपयांपर्यंत आहे. पीएमपीचा दिवसभराचा पास जून २०२५ च्या दरवाढीनंतर ७० रुपयांना झाला. बसनेच चार-पाच ठिकाणी फिरायचं असेल तर पास परवडतो. आमचा पहिला दिवस मेट्रोचा होता, त्याची सगळी तिकिटं मिळून माणशी शंभराच्या आत बसली.

जमिनीखालून, नदीखालून

पुण्यात मेट्रो सुरू झाली ती मार्च २०२२ मध्ये, आणि २९ सप्टेंबर २०२४ ला ती भुयारातून थेट स्वारगेटपर्यंत आली. हे आपल्या फार सोयीचं झालं. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडून येणारी आपली एसटी जिथे थांबते, तिथून मेट्रोचं स्थानक चार पावलांवर.

दोन मार्ग आहेत. एक स्वारगेटहून पिंपरी-चिंचवडकडे जातो, दुसरा वनाजहून रामवाडीकडे. दोन्ही मार्ग जिल्हा न्यायालयाच्या स्थानकावर भेटतात. याला अजून बरेचजण सिव्हिल कोर्टच म्हणतात. तिथे गाडी बदलायची असेल तर नवं तिकीट काढावं लागत नाही. खिडकीवर फक्त शेवटचं स्थानक सांगायचं. मिळालेल्या कागदावरचा ठिपक्यांचा चौकोन फाटकाला दाखवला की दार उघडतं. बाहेर पडताना तोच कागद पुन्हा लागतो, म्हणून तो चुरगाळून पिशवीच्या तळाशी टाकू नका.

खरी परीक्षा सरकत्या जिन्याची! साडीच्या निऱ्या डाव्या हाताने किंचित वर धराव्यात, उजव्या हाताने कठडा धरावा, पाय पिवळ्या रेघांच्या आत ठेवावा. ज्यांना धीर होत नाही त्यांच्यासाठी लिफ्ट असते, तिथे लाजायचं काही कारण नाही. आमच्या काकू पहिल्यांदा लिफ्टने गेल्या. संध्याकाळी मात्र आमच्या आधी जिन्यावर उभ्या!

गाडीला तीन डबे असतात, त्यातला एक बायकांसाठी. स्वारगेटहून निघाल्यावर मंडई, मग कसबा पेठ, आणि त्यापुढे गाडी मुठा नदीच्या खालून जाते. कळत काहीच नाही, पण वरून नदी वाहते आहे या कल्पनेनेच गंमत वाटते. जिल्हा न्यायालयाचं स्थानक जमिनीखाली तेहेतीस मीटर खोल आहे. तिथून वर वर येत आपण थेट उंच पुलावरच्या गाडीत जाऊन बसतो. आता सगळं शहर खिडकीतून खाली दिसतं.

कस्तुरबांची खोली

सकाळच्या शांत वेळी आधी लांबचं ठिकाण उरकावं. म्हणून आम्ही कल्याणीनगरला उतरलो, आगाखान पॅलेससाठी. स्मारकाला धक्का नको म्हणून मेट्रोचा मार्गच कल्याणीनगरातून वळवून नेला आहे. त्यामुळे स्थानकापासून थोडं चालावं लागतं, किंवा रिक्षा करावी.

तिसऱ्या आगाखानांनी हा वाडा १८९२ मध्ये बांधला. दुष्काळात आसपासच्या लोकांच्या हाताला काम मिळावं, हा त्यामागचा हेतू सांगतात. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'च्या वेळी गांधीजींना इथे स्थानबद्ध केलं. कस्तुरबा, सरोजिनी नायडू, महादेवभाई देसाई हेही इथेच होते. महादेवभाई आठवड्याच्या आतच, १५ ऑगस्टला, गेले. कस्तुरबा गेल्या २२ फेब्रुवारी १९४४ ला. गांधीजींची सुटका झाली त्याच वर्षी मे महिन्यात, म्हणजे बांच्या मागे अडीच महिन्यांनी.

आपण शाळेत हे सगळं पाठ केलेलं असतं, पण तिथे त्या खोल्यांसमोर उभं राहिलं की वेगळं वाटतं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, म्हणून मला आठवली ती एक गोष्ट. या बंदिवासात गांधीजी बांना गुजराती आणि भूगोलाचे धडे देत असत. बांचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढे. अक्षर सुधारावं, नकाशा समजावा, ही हौस त्यांना त्या वयातही होती. मागच्या बाजूला दोन समाध्या आहेत, महादेवभाईंची आणि बांची. आमच्यातली सगळ्यात बोलकी मैत्रीणही तिथे पाच मिनिटं काही बोलली नाही.

विळ्या, किसण्या आणि अडकित्ते

परत येताना मंडई स्थानकाचं तिकीट काढलं. बाहेर पडलं की समोर मंडईची जुनी अष्टकोनी इमारत. ही १८८६ ची. तेव्हा गव्हर्नरच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. नगरपालिकेचे सभासद असताना जोतिराव फुल्यांनी तिच्यावरच्या खर्चाला विरोध केला होता, गरिबांच्या शिक्षणाकडे आधी बघा म्हणून. आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला त्यांचंच नाव मिळालं! भाजी घेण्याचा मोह इथे आवरायचा. मेथीची जुडी घेऊन दिवसभर फिरता येत नाही.

आसपासच्या खाणावळीत जेवून चालत राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावं. मैत्रिणींनो, पुण्यातली एकच जागा पाहणार असाल तर ही पाहा. राजेराजवाड्यांच्या तलवारींची संग्रहालयं खूप असतात, हे आपलं संग्रहालय आहे. जुन्या विळ्या, नारळाच्या किसण्या, पळ्या, अडकित्ते, पाय घासायच्या वज्री, कुंकवाचे करंडे आणि दिवे तर किती तऱ्हेचे! रोज हातात धरायच्या वस्तूवरसुद्धा कुणीतरी मोर काढलेला, कुणीतरी वेल कोरलेली. दिनकर केळकर गावोगाव फिरून या वस्तू जमवत, त्यांच्या पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. 'राजा' हा त्यांचा लहानपणीच गेलेला मुलगा, त्याच्या नावाने हे संग्रहालय आहे. पुढे त्यांनी सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला.

काकू एका अडकित्त्यासमोर थांबल्या. "असाच माझ्या आईकडे होता, भांडी मोडीत काढली तेव्हा गेला," म्हणाल्या. माळ्यावर अशी एखादी वस्तू असेल तर मोडीत घालण्याआधी दोनदा विचार करा, एवढं तरी आम्ही सगळ्या तिथून शिकून आलो.

भिडेवाड्यासमोर

तिथून दगडूशेठ गणपतीचं दर्शन घ्यायला गेलो. देवळासमोरच भिडेवाड्याची जागा आहे. १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतिरावांनी मुलींची शाळा सुरू केली ती इथे. वाडा मोडकळीला आला होता, त्याचा खटलाही बरीच वर्षं चालला. डिसेंबर २०२३ मध्ये जुना वाडा उतरवला, तिथे राष्ट्रीय स्मारक करायचं ठरलं आहे. म्हणून वाडा आता दिसत नाही. तरी उभं राहावं. आपण तिकिटावरचं स्थानकाचं नाव वाचून एकट्या शहरात फिरतो, त्याची सुरुवात या जागेपासून आहे.

शनिवारवाडा इथून पायी जवळ. १७३० मध्ये पहिल्या बाजीरावांनी पायाभरणी केली. आतला वाडा १८२८ च्या आगीत गेला, राहिले ते चौथरे, तटबंदी आणि टोकदार खिळ्यांचा दिल्ली दरवाजा. लाल महाल आणि ग्रामदैवत कसबा गणपतीही याच भागात. आणि मग तुळशीबाग, या वेळी अर्धा तास नाही, चांगला दीड तास. मधल्या रामाच्या देवळात जायला विसरू नका. दुकानांच्या गर्दीत आपण देऊळच पाहत नाही.

दुसरा दिवस बसचा

मुक्काम करणार असाल, किंवा पुन्हा जाणार असाल, तर दुसरा दिवस पीएमपीचा. सकाळी उन्हाआधी पर्वती. पायऱ्या शंभरावर आहेत, पण रुंद आणि उतरत्या चढाच्या. वरून सगळं पुणं दिसतं. खाली सारसबागेत तळ्यातला गणपती. मग स्वारगेटहून बसने कात्रजचं प्राणिसंग्रहालय आणि सर्पोद्यान, मुलं बरोबर असतील तर हे हवंच. बुधवारी ते बंद असतं. याच रस्त्यावर डिसेंबर २००६ मध्ये देशातला पहिला बीआरटीचा प्रयोग झाला. बसची स्वतंत्र मार्गिका रस्त्याच्या मधोमध असते, म्हणून बस कुठे थांबते ते आधी विचारावं आणि रस्ता सिग्नललाच ओलांडावा. देवदर्शन करायचं असेल तर आळंदीलाही पीएमपीची बस जाते.

गंज पेठेतला फुले वाडाही स्वारगेटपासून जवळ आहे. १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद तिथे पाहायला मिळतो.

काळजीचं काय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट स्थानकात पहाटे उभ्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाल्याची घटना घडली. "बघा, म्हणून बायकांनी एकटं जाऊ नये," असं तेव्हा कितीतरी घरांत बोललं गेलं. भीती वाटणं साहजिक आहे. पण बायकांनी स्थानकावर जाणंच सोडलं तर ती जागा आणखीच सुनी होईल. जावं, पण डोळे उघडे ठेवून.

पोचायचं ते उजेडात आणि परतीची गाडीही फार उशिराची धरायची नाही. "तुमची बस तिकडे उभी आहे" असं कुणी अनोळखी माणूस सांगू लागला, तो कितीही 'ताई, ताई' करत असला, तरी चौकशीच्या खिडकीवर विचारल्याशिवाय हलायचं नाही. रिकाम्या गाडीत चढायचं नाही. अडचणीत ११२ लावायचा. मंगळसूत्र साडीच्या पदराखाली, पैसे दोन ठिकाणी विभागून आणि फोन पूर्ण भरलेला. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते सकाळीच ठरवावं. आम्ही मंडई स्थानकाची तिकीट खिडकी ठरवली होती.

पिशवीत पाण्याची बाटली, सुके खाद्य, छत्री, सुटे पैसे आणि आधारकार्ड. पायात सवयीच्या चपला, नव्या नकोत. आणखी एक, मेट्रोच्या स्थानकांवर स्वच्छतागृहं असतात. बायकांच्या प्रवासात हा प्रश्न किती मोठा असतो ते आपल्यालाच ठाऊक. दिवसभर पाणी न पिता राहायचं कारण नाही.

घरच्यांसाठी सकाळी पोळ्या आणि एक सुकी भाजी करून ठेवली की दुपार निभते, संध्याकाळी खिचडी टाकायला मुलंही शिकतात. आमच्याकडे कुकरच्या चार शिट्ट्या जास्त झाल्या, एवढंच! पुढच्या भिशीच्या दिवशी कॅलेंडर समोर ठेवा, बुधवार सोडून एक तारीख ठरवा, आणि घरी सांगताना 'जाऊ का?' असं विचारू नका, 'जाणार आहोत' असं सांगा. काकूंनी आमच्या पुढच्या फेरीची तारीख ठरवूनही टाकली आहे. त्यांना आळंदीला जायचं आहे, आणि तिकिटं त्याच काढणार आहेत.