इंद्रचौकातली पोत

भाव करणे ही गोष्ट आमच्या घरात कुणाला शिकवावी लागत नाही. वडील बैलबाजाराला जात तेव्हा लहानपणी मीही हट्टाने बरोबर जाई. तेथे दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटे दाबतात आणि तोंडातून एक शब्द न काढता बैलाची किंमत ठरते. शेजारी उभ्या असलेल्याने ऐकलेला भाव धरून बसू नये, हा त्यातला हेतू. अशा घरातली मी, शिवाय अर्थशास्त्र विषय घेऊन द्वितीय वर्षात शिकणारी. तरीही परमुलखातल्या पहिल्याच सौद्यात फसले. कशी फसले हे सांगितले तर कुणाच्या तरी उपयोगी पडेल, म्हणून लिहिते आहे.

2024 च्या नोव्हेंबरात आजीबरोबर काशी-नेपाळ यात्रेला जाण्याचा योग आला. आजीला पाटी वाचता येत नाही, तेव्हा सोबत घरातले 'शिकलेले माणूस' हवे असे ठरले आणि ते माणूस मी होते. भारतीयांना नेपाळात जायला पासपोर्ट लागत नाही. मतदार ओळखपत्र घेऊन आमची गाडी सोनौलीची हद्द ओलांडून गेली. माझ्याजवळ सोयाबीन सोंगणीच्या मजुरीतले सहाशे रुपये होते. त्यातून ताईसाठी काहीतरी आणायचे होते. दोघींची फी भरणे झेपणार नाही म्हणून ताईने दहावीनंतर शाळा सोडली. मी कॉलेजात आहे ती त्यामुळे. ती हे कधी बोलून दाखवत नाही, म्हणूनच मला काहीतरी न्यायचे होते.

काठमांडूत असन नावाचा जुना बाजार आहे. सहा रस्ते तेथे एकत्र येतात, अन्नपूर्णेचे देऊळ आहे. तेथून इंद्रचौकावरून हनुमानढोक्याकडे जाणारा तिरपा रस्ता हा हिंदुस्थान आणि तिबेट यांच्यामधल्या व्यापाराचा जुना मार्ग होय. इंद्रचौकात आकाशभैरवाच्या देवळासमोरच्या बोळात मण्यांचा बाजार भरतो. काचेच्या बारीक मण्यांचे शेकडो सर छतापासून लोंबत असतात, आणि त्यांच्यामागे बैठकीवर मांडी घालून दुकानदार बसलेला असतो. हे व्यापारी पुष्कळसे काश्मिरातून आलेल्या मुसलमान घराण्यांचे वंशज आहेत. मणी चेक देशातून आणि जपानमधून येतात. नेपाळी सवाष्ण गळ्यात जी माळ घालते तिला तेथे 'पोते' म्हणतात. आजीला आधी धान्याचे पोतेच वाटले! पण आपली काळी पोत आणि त्यांची पोते यांत अंतर फारसे नाही. ऐपत असली तर तिच्या मध्यभागी तिलहरी नावाचा सोन्याचा नळकांड्यासारखा दागिना ओवतात. मी हिरवी पोत पसंत केली. ताईच्या हातातल्या चुड्याला शोभेल म्हणून.

दुकानदार हिंदीत म्हणाला, "पाचशे." मी तीनशेला मागितली. त्याने हळहळ केली, मणी उन्हात धरून दाखवले आणि साडेतीनशेला तयार झाला. मी शंभराच्या तीन आणि पन्नासाची एक नोट दिली आणि विजयी मुद्रेने धर्मशाळेत आले.

रात्री हिशेब लिहिताना हात थांबला. 1993 पासून शंभर भारतीय रुपयांना एकशेसाठ नेपाळी रुपये असा दर कायम आहे. तेथे बाजारात आपल्या रुपयाला 'आयसी' आणि त्यांच्या रुपयाला 'एनसी' म्हणतात. माझे साडेतीनशे आयसी म्हणजे पाचशेसाठ एनसी झाले. पाचशे जर एनसी असतील, तर घासाघीस करून मी सांगितलेल्या किमतीपेक्षा साठ रुपये जास्त देऊन आले होते! कोणते रुपये, हा पहिला प्रश्न मी विचारलाच नव्हता. रडू आले ते पैशांपेक्षा 'शिकलेले माणूस' या पदवीमुळे.

क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या बाजाराचा अभ्यास करून 1978 साली एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे की अशा बाजारात खरी टंचाई असते ती माहितीची. मालाचा दर्जा, चालू भाव, समोरच्याची गरज हे कुणालाच नीट ठाऊक नसते. घासाघीस म्हणजे ते शोधून काढण्याची रीत. म्हणून तेथला माणूस एकाच दुकानदाराशी वर्षानुवर्षे व्यवहार ठेवतो. प्रवाशाला ती सोय नाही. तो पुन्हा येणार नाही हे दुकानदार जाणतो. त्यातून भेटवस्तू घ्यायची असली की गिऱ्हाइकाचे मुख्य हत्यार, म्हणजे पाठ फिरवून चालू लागणे, तेही बोथट होते. कारण वस्तू आपण मनाने केव्हाच देऊन टाकलेली असते. एक किंमत सर्वांना, ही पद्धत तशी अलीकडची. पॅरिसच्या बाँ मार्शेमध्ये 1852 नंतर आरिस्तिद बुसिको याने ती रूढ केली असे आम्ही शिकलो. पण माझी परीक्षा इंद्रचौकात होती.

आजीला सांगितले. ती रागावली नाही. गाडी दुपारी पोखऱ्याला निघणार होती. सकाळी ती मला घेऊन त्याच बोळात गेली, आणि आधी दुसऱ्या तीन दुकानांत तसल्याच पोतीचा भाव मला विचारायला लावला. चारशे, साडेचारशे, पाचशे, तिन्ही एनसी. मग ती आमच्या दुकानदारापुढे बैठकीच्या काठावर बसली.

"त्याला विचार, भवानी झाली का?"

मी 'बोहनी' म्हटले. तो हसला, झाली नव्हती. आजीने वेणीत घालायचा एक लाल गोंडा उचलला. त्याने आयसी वीस सांगितले, तिने मुकाट्याने वीस दिले. मी चकित झाले. त्याने नोट कपाळाला लावली. तेव्हा कोठे आजीने पिशवीतून पोत काढून त्याच्यापुढे ठेवली आणि मराठीतच म्हणाली, "भाऊ, पोरीनं दुसऱ्याच्या रानात राबून मिळवलेले पैसे आहेत."

मी भाषांतर केले. तो म्हणाला, मी आयसीच सांगितले होते. म्हटलेही असेल, भारतातून गाड्या भरभरून माणसे येतात, त्यांना तो तसेच सांगत असेल. आजीने वाद घातला नाही, उठलीही नाही. शेजारच्या तीन दुकानांकडे बोट दाखवले आणि बसून राहिली. थोड्या वेळाने त्याने शंभराची एक नोट परत केली आणि पोतीचा दोरा पुन्हा नीट गाठवून दिला.

बाहेर आल्यावर मी विचारले, "गोंड्याला भाव का केला नाहीस?"

"भवानीच्या आधी पैसे परत मागितले असते तर त्यानं दिले असते का? दुकान उघडल्या उघडल्या लक्ष्मी बाहेर जाते, पोरी. आधी त्याच्या हातात पडू द्यावी."

गावी आल्यावर ताईला पोत दिली. तिने मणी बोटांत फिरवून पाहिले.

"केवढ्याला पडली?"

"अडीचशेला."

"फसलीस. आपल्या यात्रेत शंभराला दिली असती," ती म्हणाली, आणि काळ्या पोतीच्या वर ती हिरवी घालून आरशापुढे उभी राहिली.