पैलतीरावरचा प्रतिस्पर्धी

भारत आणि पाकिस्तान यांच्यातील शेवटचा कसोटी सामना ८ ते १२ डिसेंबर २००७ या दिवसांत बंगळूर येथे झाला. सामना अनिर्णित राहिला, मालिका भारताने जिंकली, आणि त्यानंतर हे दोन जुने प्रतिस्पर्धी कसोटीच्या मैदानावर एकमेकांसमोर उभे राहिलेले नाहीत. त्या वर्षी जन्मलेली मुले आता मतदानाच्या वयाला आली. १९६१ च्या फेब्रुवारीत खंडित झालेले कसोटी सामने १९७८ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाले, तेव्हा मधल्या सतरा वर्षांत दोन युद्धे होऊन गेली होती. आजचा खंड त्या खंडालाही मागे टाकून गेला आहे. या अवधीत खेळाचे काय नुकसान झाले, याची चर्चा जाणकार करतातच. आम्हांला आज विचार करावयाचा आहे तो खेळाडूंचा नव्हे. सीमारेषेबाहेर बसून, किंवा शेकडो कोसांवरून कान लावून, जो हा खेळ मनाने खेळतो त्या रसिकाचे काय झाले, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

हा विचार मुंबईच्या किंवा कोलकात्याच्या प्रेक्षागृहातून करण्याऐवजी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आरोंद्याच्या खळ्यातून करावा, असे आम्हांस वाटते. सावंतवाडी तालुक्यातील हे गाव तेरेखोल खाडीच्या उत्तर तीरावर वसले आहे. समोर दिसते ते पेडणे तालुक्यातील किरणपाणी. आज खाडीवर पूल आहे आणि माणसे सहज ये-जा करतात; परंतु १९ डिसेंबर १९६१ पर्यंत त्या पाण्याच्या मधोमध परक्या सत्तेची सीमा होती. पैलतीरावर पोर्तुगिजांचे राज्य होते. १९५५ च्या १५ ऑगस्टला गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रह्यांवर गोळ्या चालल्या, त्या काळात या टापूतील माणसाला सीमा म्हणजे काय हे कोणी नकाशावर दाखवून देण्याची गरज नव्हती. आणि तरीही पैलतीरावरचे देव आपले, सोयरे आपले, बोलीही ओळखीची, हे त्याला ठाऊक होते. समोरच्या सत्तेशी वैर धरणे आणि समोरच्या माणसाला ओळखणे, या दोन्ही गोष्टी एकाच मनात नांदू शकतात, हा धडा या खाडीकाठाने प्रत्यक्ष जगून घेतला.

कोकणच्या या भागात क्रिकेट पोचले ते चाकरमान्यांच्या हातून. गिरणगावात राहणारा गडी गणपतीला घरी येई, तो मुंबईच्या मैदानांवरील गोष्टी सोबत घेऊन. उरलेले काम रेडिओने केले. पुढे बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी या खेळाचे धावते वर्णन मराठीतून ऐकवले, आणि ज्याने आयुष्यात कधी प्रेक्षागृह पाहिले नाही त्याच्याही डोळ्यांपुढे मैदान उभे राहिले. या श्रोत्याची एक अडचण होती आणि तीच त्याची शाळा ठरली. त्याला आपल्याच संघापुरते ऐकता येत नसे. प्रतिस्पर्धी फलंदाज दिवसभर खेळला तर दिवसभर त्याचेच नाव कानी पडे.

१९६० च्या डिसेंबरातील मुंबईचा सामना घ्या. ब्रेबोर्न स्टेडियमवर हनीफ महंमद यांनी १६० धावा केल्या, सईद अहमद यांनी १२१. भारताचा डाव लांबला तो शेपटाच्या पराक्रमाने. दहाव्या क्रमांकावर आलेल्या ठेंगण्या रमाकांत देसाई यांनी ८५ धावा काढल्या, यष्टिरक्षक नाना जोशी ५२ वर नाबाद राहिले, आणि नवव्या गड्यासाठी दोघांनी १४९ धावांची भर घातली. देसाई-जोशी यांचा आनंद ज्याला पुरता भोगावयाचा होता, त्याला आधी हनीफ यांची एकाग्रता सोसावी लागली होती. प्रतिस्पर्ध्याची थोरवी मोजल्यावाचून आपल्या पराक्रमाचे मोलच कळत नाही. पाच दिवसांचा सामना हे गणित रसिकाकडून सक्तीने सोडवून घेतो.

शिवाय त्या प्रतिस्पर्ध्यांत परके किती होते? याच मालिकेसाठी पाकिस्तानच्या संघातून वॉलिस मथायस भारतात आले होते. कराचीत जन्मलेले हे फलंदाज गोमंतकीय ख्रिस्ती समाजातले. पाकिस्तानकडूनच खेळलेले गोलंदाज अँताव डिसोझा यांचा तर जन्मच गोव्यातला. म्हणजे आरोंद्याच्या खाडीपलीकडील मुलखातली माणसे पाकिस्तानच्या टोपीखाली उभी होती! उलट बाजूनेही पाहावे. १९४७ च्या मार्चमध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून होळकर संघाविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी झाली. त्यांतील एक सांगलीत जन्मलेले विजय हजारे, दुसरे लाहोरचे गुल महंमद. पाचच महिन्यांनी देशाचे दोन तुकडे झाले. हजारे यांनी १९५२ मध्ये मुंबईत पाकिस्तानविरुद्ध नाबाद १४६ धावा केल्या. भारताकडून खेळलेले गुल महंमद १९५६ मध्ये पाकिस्तानकडून कसोटी खेळले. फाळणीने धावफलक फाडला, पण एकाच पानावर लिहिलेली नावे पुसली गेली नाहीत.

याचा अर्थ तो काळ सगळा सोन्याचा होता, असे आम्ही म्हणणार नाही. १९५५ च्या जानेवारीत लाहोरचा सामना पाहण्यासाठी हजारो भारतीयांना सीमा ओलांडू दिली गेली, हे खरे. फाळणीच्या जखमा ओल्या असताना माणसे त्याच वाटेने खेळ पाहावयास गेली, हे मोठेच नवल. परंतु त्याच मालिकेतील पाचही सामने अनिर्णित राहिले. १९५२ च्या मालिकेतील शेवटचे दोन, त्यानंतरचे हे पाच आणि १९६०-६१ मधील पाच मिळून लागोपाठ बारा सामन्यांत कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही. आजवर झालेल्या ५९ कसोटींपैकी ३८ निकालावाचून संपल्या. भारताने ९ जिंकल्या, पाकिस्तानने १२. खेळपट्ट्या निर्जीव होत्या हे एक कारण; परंतु पराभव घेऊन घरी जाण्याचे भय हे त्याहून मोठे कारण होते. हे भय कर्णधाराच्या मनात कोण पेरतो? ज्याला पराभव म्हणजे राष्ट्राचा अपमान वाटतो, तो प्रेक्षकच पेरतो. म्हणून प्रेक्षक हा नुसता साक्षी नाही. खेळ कसा खेळला जाणार, हे काही अंशी तोही ठरवतो.

१९९९ सालच्या आरंभी याचे दोन दाखले पाठोपाठ मिळाले. जानेवारीच्या अखेरीस चेन्नईत भारतापुढे २७१ धावांचे लक्ष्य होते. पाठीच्या वेदना सोशीत सचिन तेंडुलकर यांनी १३६ धावा केल्या. ते बाद झाले तेव्हा अवघ्या १७ धावा हव्या होत्या आणि भारत १२ धावांनी हरला. चेपॉकवरील प्रेक्षक क्षणभर सुन्न झाले, मग उठून उभे राहिले, आणि त्यांनी वसीम अक्रम यांच्या विजयी संघाला टाळ्यांनी गौरविले. पाकिस्तानी खेळाडूंनी मैदानाला फेरी घालून त्या अभिवादनाचा स्वीकार केला. पुढच्याच महिन्यात कोलकात्यात शोएब अख्तर यांच्याशी टक्कर होऊन तेंडुलकर धावबाद झाले, लोक खवळले, आणि अखेर प्रेक्षागृह रिकामे करून सामना संपवावा लागला. आपल्या महाराष्ट्रालाही यात ऐट मिरवता येणार नाही. १९९१ मध्ये वानखेडे स्टेडियमची खेळपट्टी शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी उखडली. १९९९ च्या जानेवारीत दिल्लीत तेच घडले. चेन्नईच्या प्रेक्षकांचे देशप्रेम उणे होते काय? त्याच वर्षी उन्हाळ्यात कारगिलचे युद्ध झाले, तेव्हा त्या शहरानेही देशाबरोबर शोक केला आणि विजयाचा आनंदही केला. टाळी वाजविल्याने त्यांचे काहीच कमी झाले नव्हते.

यावर विचारले जाईल, की २६ नोव्हेंबर २००८ विसरावयाचे काय? नाही. त्या रात्री मारेकरी समुद्रमार्गे मुंबईत शिरले. किनाऱ्यावरच्या माणसाला ते कोणी सांगावयास नको. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ निरपराध मारले गेले, त्यांत महाराष्ट्राचीही माणसे होती. ज्या घरात तो आघात झाला त्या घरापुढे खेळाचे तत्त्वज्ञान सांगणे हा निव्वळ उद्धटपणा होईल. सप्टेंबर २०२५ मध्ये दुबईच्या सामन्यानंतर आपल्या खेळाडूंनी हस्तांदोलन केले नाही, त्यामागील क्षोभही आम्ही समजू शकतो. पाकिस्तानशी खेळावे की खेळू नये, हा निर्णय सरकारने देशहित पाहून करावा. न खेळण्याचा निर्णय झाला तर तोही सन्मान्य आहे. परंतु न खेळणे ही एक गोष्ट, आणि खेळायला उतरून समोरच्याचा उत्तम चेंडू उत्तम म्हणण्याचे नाकारणे ही अगदी वेगळी गोष्ट. पहिलीत निग्रह आहे, दुसरीत नुसता कोतेपणा.

दोन देशांचे कसोटी सामने सुरू करणे वाचकांच्या हाती नाही. रसिकता जिवंत ठेवणे मात्र त्यांच्या हाती आहे. भातकापणीनंतर कोकणातले कुणगे मोकळे झाले की वाडीवाडीत चेंडूफळीचे सामने भरतात, ध्वनिक्षेपकावरून समालोचन होते, शेजारच्या वाडीशी जुनी स्पर्धा असते. तेथे पाहुण्या संघाच्या षटकाराला यजमानांकडून टाळी पडते की नाही, याकडे वडीलधाऱ्यांनी आणि शिक्षकांनी लक्ष द्यावे. समालोचकाने पाहुण्या फलंदाजाचे नाव नीट उच्चारावे आणि त्याने चांगले केले ते चांगले म्हणावे. मुलगा हरून घरी आला तर पंचाला दोष देण्याआधी 'तो कसा खेळला?' असे त्याला विचारावे. ज्यांना कसोटीतील भारत-पाकिस्तान ऐकावयास मिळाले नाही त्या मुलांचे शिक्षण येथूनच सुरू होईल. उद्या कधी त्या दोन संघांची नाणेफेक पुन्हा झालीच, तर पैलतीरावरच्या प्रतिस्पर्ध्याला ओळखणारा रसिक तोपर्यंत उरलेला असला पाहिजे. तो घडविण्याला कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही.