पत्र्याचा चिकटसांधा संगणकावर

मोटारीच्या दाराचा बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून गोंदाने जोडतात. रंगाच्या भट्टीत तो गोंद पक्का होतो. सांधा किती भार सोसेल, हे पुणे-चाकण पट्ट्यातले वाहन-अभियंते ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धतीने, म्हणजे सांध्याची लहान तुकड्यांच्या (एलिमेंटच्या) जाळीत विभागणी करून, आधीच तपासू शकतात.

● अडचण : पत्रा साधारण १ मिलिमीटरचा, गोंदाचा थर त्याहून पातळ. पोलादाचा ताठरपणा सुमारे २१० गिगापास्कल, इपॉक्सी गोंदाचा जेमतेम २ ते ३. ही तफावत मॉडेलमध्ये नीट उतरवणे अवघड जाते.

● जुने गणित : ताण सांध्याच्या टोकांशी एकवटतो, हे फोल्करसेन यांनी १९३८ मध्ये मांडले. गोलँड आणि राइसनर यांनी १९४४ मध्ये पत्र्याचे वाकणेही हिशेबात घेतले.

● मॉडेल : पत्र्यासाठी पातळ कवचाचे ‘शेल’ एलिमेंट, गोंदासाठी त्याचे सुटणे दाखवणारे ‘कोहेसिव्ह’ एलिमेंट. गोंदाचा ताठरपणा, कमाल ताण आणि सांधा उकलायला लागणारी ऊर्जा त्यात भरतात.

● आकडे : उकलण्याची ऊर्जा ‘डबल कँटिलिव्हर बीम’ चाचणीतून, पत्रे एकमेकांवर सरकून सांधा सुटण्याची ‘एंड नॉच्ड फ्लेक्शर’ चाचणीतून मिळते.

● पथ्य : साध्या रैखिक मॉडेलमध्ये जाळी बारीक करावी तसा कोपऱ्यातला ताण वाढतच जातो. केवळ त्या कमाल आकड्यावरून सांधा पास-नापास ठरवू नये.