परीक्षेद्वारे श्रेयांक आणि इतिहास विषयातील पदवी : हरिहरेश्वर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

सावित्री नदीच्या मुखाशी वसलेले हरिहरेश्वर हे श्रीवर्धन तालुक्यातील तीर्थक्षेत्र पेशव्यांच्या भट घराण्याचे कुलदैवत म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहे. मात्र येथील विद्यार्थ्यास इतिहासाची पदवी घ्यावयाची असल्यास सुमारे 20 किलोमीटरवरील श्रीवर्धन गाठावे लागते, किंवा खाडीपलीकडे जाण्यासाठी बागमांडला येथून फेरीबोट धरावी लागते. बारावीनंतर शिक्षण सोडून घरगुती निवास-भोजनाचा व्यवसाय सांभाळणारी गृहिणी, मासेमारीच्या हंगामात समुद्रावर असणारा तरुण, क्षेत्राची माहिती सांगत उपजीविका करणारा वाटाड्या यांना दररोज तासिकांना उपस्थित राहणे अशक्यप्राय ठरते. त्यांनी स्वतः वाचून मिळविलेल्या ज्ञानाची परीक्षा घेऊन त्यास पदवीचे मोल देता येईल काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना

तीन पद्धतींमधील भेद प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे. बहिःस्थ पद्धतीत विद्यार्थी वर्गात न बसता विद्यापीठाची नेहमीची परीक्षा देतो. दूरशिक्षणात विद्यापीठ त्यास स्वयंअध्ययन साहित्य व समुपदेशन पुरविते. परीक्षेद्वारे श्रेयांक या पद्धतीत मात्र ज्ञान कोठून मिळविले हा प्रश्नच उपस्थित केला जात नाही. विहित परीक्षेत विशिष्ट गुण मिळाले की त्या विषयाचे श्रेयांक पदवीच्या खात्यात जमा होतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

1836 मध्ये स्थापन झालेल्या लंडन विद्यापीठाने 1858 च्या सनदेन्वये महाविद्यालयात शिकण्याची अट बहुतांश पदव्यांसाठी काढून टाकली आणि परीक्षा हाच निकष ठेवला. 1857 मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडनच्याच धर्तीवर परीक्षा घेणारी संस्था म्हणून उभे राहिले. परंतु अध्यापनाची जबाबदारी येथे संलग्न महाविद्यालयांकडे राहिली. पुढे दिल्ली विद्यापीठाने 1962 मध्ये व मुंबई विद्यापीठाने 1971 मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. 1989 मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली आणि महाविद्यालयापासून दूर असलेल्यांना पदवीचा मार्ग अधिक खुला झाला.

अमेरिकेत 1967 पासून ‘क्लेप’ या नावाने परीक्षा घेतल्या जातात. त्यात अमेरिकेच्या इतिहासाच्या दोन व पाश्चात्त्य संस्कृतीच्या दोन परीक्षांचा समावेश आहे. 20 ते 80 या श्रेणीत 50 गुण मिळाल्यास प्रत्येकी 3 श्रेयांक देण्याची शिफारस केली जाते. ती स्वीकारावी की नाही, हे प्रत्येक महाविद्यालय ठरविते. येथे एक मर्यादा लक्षात घ्यावी लागेल. या परीक्षा प्रामुख्याने बहुपर्यायी स्वरूपाच्या व प्राथमिक स्तरावरील अभ्यासक्रमांच्या तोडीच्या असतात. 120 श्रेयांकांच्या पदवीचा पाया त्यांतून घालता येतो; इतिहासाचे उच्चस्तरीय अध्ययन मात्र अन्य मार्गांनीच पूर्ण करावे लागते.

भारतातील सद्यःस्थिती

अशी संपूर्ण पदवी केवळ सुट्या परीक्षांच्या बळावर आपल्याकडे मिळत नाही. तथापि त्या दिशेने काही तरतुदी झाल्या आहेत. 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ मंचावरील अभ्यासक्रमांत साधारणतः 30 टक्के भार स्वाध्यायांस व 70 टक्के भार पर्यवेक्षित अंतिम परीक्षेस असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या विनियमांनुसार एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गाने पूर्ण करता येतात. त्याच वर्षीच्या शैक्षणिक श्रेयांक पेढीच्या विनियमांत श्रेयांक कमाल 7 वर्षे साठविण्याची सोय आहे. मात्र किमान 50 टक्के श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेतूनच मिळविण्याची अट आहे. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने अनुभवाधारित ज्ञानासही मूल्यमापनानंतर श्रेयांक देण्याचे तत्त्व मान्य केले आहे.

इतिहास विषयाची विशेष अडचण

बाळाजी विश्वनाथ भट यांना पेशवेपद 1713 मध्ये मिळाले, हे परीक्षेत विचारता येते व त्याचे उत्तर पाठ करता येते. परंतु श्रीवर्धनच्या देशमुखीशी संबंध असलेले हे घराणे सिद्दीच्या अमलाखालील किनारा सोडून घाटावर का गेले, या प्रश्नाचे उत्तर तारखांत सापडत नाही. त्यासाठी मोडी कागद वाचावे लागतात, बखर व दफ्तर यांतील विसंगती तपासावी लागते आणि जंजिरा संस्थान, आंग्रे व इंग्रज यांचे परस्परसंबंध समजून घ्यावे लागतात. 1755 मध्ये इंग्रजांच्या हाती गेलेला बाणकोटचा किल्ला हरिहरेश्वरासमोरच खाडीपलीकडे उभा आहे. तो रोज पाहणाऱ्या विद्यार्थ्याजवळ परिसराचे ज्ञान असते. साधनचिकित्सेची शिस्त त्यास कोणीतरी द्यावी लागते. केवळ परीक्षा ही शिस्त देऊ शकत नाही. उलटपक्षी, केवळ 75 टक्के उपस्थितीनेही ती येत नाही, हे आपण प्राध्यापकांनी प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

सूचना

1. सर्वेक्षणात्मक व प्रास्ताविक अभ्यासपत्रिकांसाठी परीक्षेद्वारे श्रेयांक देण्यास हरकत नसावी. इतिहासलेखनशास्त्र, मोडी लिपी व प्रकल्प यांसाठी मात्र प्रत्यक्ष मार्गदर्शन अनिवार्य असावे.

2. परीक्षेत दीर्घोत्तरी प्रश्न, अपरिचित साधनाचा उतारा व मौखिक चाचणी यांचा अंतर्भाव व्हावा.

3. कोणते श्रेयांक स्वीकारले जातील, हे महाविद्यालयाने सत्रारंभापूर्वीच लेखी जाहीर करावे. वर्षभर अभ्यास करून मिळविलेले श्रेयांक अखेरीस नाकारले गेल्यास विद्यार्थ्याचे पैसे तर जातातच, शिवाय पुन्हा शिकण्याची उमेदही जाते.

4. प्रकल्पासाठी विद्यार्थ्याचा स्वतःचा परिसर हेच क्षेत्र मानावे.

निष्कर्ष

परीक्षेद्वारे श्रेयांक ही पदवी स्वस्त करण्याची युक्ती नव्हे. स्वतः शिकलेल्या माणसाची दखल घेण्याची ती एक रीत आहे. तिचा स्वीकार केल्यास प्राध्यापकाचे काम कमी होत नाही, तर बदलते. माहिती सांगण्याचा भार हलका होऊन साधने वाचावयास शिकविण्याचा भार वाढतो. हरिहरेश्वरच्या वाटाड्यास पेशव्यांची वंशावळ बहुधा तोंडपाठ असेल. ती खरी कशावरून, असे विचारावयास त्यास शिकविणे हे आपले काम आहे. त्याने महाविद्यालयापर्यंत यावे अशी केवळ अपेक्षा न ठेवता महाविद्यालयानेही त्याच्या दिशेने काही पावले चालावीत, एवढेच या लेखाचे प्रतिपादन आहे.