चिवड्याला जोडीदार

संध्याकाळचे साडेसहा वाजतायत. कोथरूडमधल्या ताईच्या फ्लॅटमध्ये तिच्या सासूबाई, माई, सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्यात. नुसते वर नाहीत, साडीत पार गुंडाळून घेतलेत. "आता सुरू होईल बघ," त्या मला बजावतात. आणि सुरू होतंच.

पडद्यामागून चिवडा सुटतो. वय तीन महिने, अंगावर केशरी पट्टे, वजन जेमतेम सव्वा किलो. सोफ्याची पाठ, टीव्हीचं टेबल, जेवणाचं टेबल आणि तिथून ताईच्या ओढणीला लोंबकळत खाली. वळणावर मागचे पाय घसरून तो कपाटावर आपटतो, आपण मुद्दामच आपटलो असा चेहरा करतो आणि पुन्हा पळत सुटतो. पहाट आणि तिन्हीसांज या मांजरांच्या शिकारीच्या वेळा. या घरात उंदीर नाही, झुरळ नाही, खिडक्यांना कबुतरजाळी. हलणारी गोष्ट एकच, माणसांचे पाय. मी स्वयंपाकघराकडे जायला उठते तर माझ्या घोट्याला चार पंजे आणि दात एकदमच लागतात.

"हात लावू नकोस, ओढूही नकोस, स्तब्ध उभी राहा," ताई ओट्यापाशी उभी राहून सांगते. मी उभी राहते. हलत नाही म्हटल्यावर त्याचा रस संपतो.

प्रश्न माईंच्या पायांचा आहे. त्या रक्त पातळ करण्याची गोळी घेतात, साधा ओरखडाही लवकर थांबत नाही. मागे एकदा दात लागून रक्त आलं तेव्हा नळाखाली पाय धरून पंधरा मिनिटं साबणाने धुतला, शिवाय रेबीजच्या इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स घेतला. "मला त्याचा राग नाही गं. पण पाऊल टाकायची भीती वाटते," माई म्हणतात. म्हणून आज घरात चर्चा आहे, याला जोडीला दुसरं पिल्लू आणायचं का?

दाराची बेल वाजते. तळमजल्यावरच्या काकू आल्यात. सोसायटीच्या मांजरांना खाऊ घालणं, त्यांना पकडून नसबंदी करून आणणं हे त्यांचं रोजचं काम, आणि त्यामुळे निम्मी सोसायटी त्यांच्याशी बोलत नाही. चिवडा त्यांनीच पावसात पार्किंगमधून उचलून वर दिला. त्याची बहीण अजून खालीच आहे. काकू मोबाईलवर तिचा व्हिडिओ लावतात. पांढरी, काळी, केशरी अशी तिरंगी भाटी एका स्कूटरच्या सीटवर बसून पंजा चाटतेय. आई आता तिला जवळ येऊ देत नाही.

"गोड आहे हो," माई म्हणतात. भावोजी लॅपटॉप मिटतात. "एक आवरत नाही म्हणून दुसरं आणायचं, हे कुठलं गणित?"

काकू उत्तर देत नाहीत. पिशवीतून खराट्याचा एक लांब हीर काढतात, त्याला नाडी आणि नाडीच्या टोकाला चिंधी बांधलेली. चिंधी फरशीवरून सरपटत सोफ्याखाली जाते. चिवड्याचे कान पुढे येतात, बुड हलतं, झेप. चिंधी निसटते, कोपऱ्यात दडते, मग उडते. काकूंचं कसब असं की चिंधी कधीच त्याच्या तोंडासमोर येत नाही. भक्ष्य मांजराकडे येत नसतं, ते पळतं. मधूनमधून त्या त्याला ती पकडूही देतात. दहा-बारा मिनिटांत तो कुशीवर पडून धापा टाकायला लागतो. "आता खायला घाल," काकू ताईला सांगतात. बाऊल चाटूनपुसून साफ होतो. तो तोंड धुतो, मान, पाठ, शेपूट चाटतो, आणि भावोजींच्या लॅपटॉपच्या पिशवीवर अंगाचं मुटकुळं करून झोपतो. हीर आणि नाडी काकू आठवणीने परत पिशवीत टाकतात. दोरा गिळला तर आतडं अडकतं आणि पोट उघडावं लागतं.

"झालं की! मग दुसरं कशाला?" भावोजी म्हणतात.

"हे दिवसातून दोन-तीनदा रोज कोण करणार?" काकू विचारतात. "पहाटे पाचला कोण उठणार?"

घरात एकदम शांतता. ताई एरवी बँकेत, तिथून घरी यायला साडेसात. भावोजी घरून काम करतात, पण दिवसभर कानाला हेडफोन. माईंनी वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

चावण्याचंही काकू उलगडून सांगतात. पिल्लं एकमेकांना चावूनच शिकतात. जास्त जोरात चावा घेतला की दुसरं ओरडतं, खेळ सोडून निघून जातं, मग किती दाबायचं ते कळतं. एकटं वाढलेलं पिल्लू हा धडा चुकवतं. त्यात मोठी माणसं पांघरुणाखाली बोटं हलवून त्याला खेळवतात. इथे ताई भावोजींकडे बघते आणि भावोजी छताकडे. "ते बंद करा. दुसरं आणलं तरी ते बंदच करावं लागेल, नाहीतर दोघं चावतील."

मला वाटतं, सगळ्या बोलण्यात हीच गोष्ट सर्वांत खरी आहे. दुसरं पिल्लू म्हणजे औषध नाही. समवयस्क सोबती मिळाला तर ऊर्जा वाटून जाते, हे मीही दोन-तीन घरांत पाहिलंय. पण एखाद्या म्हाताऱ्या बोक्याच्या गळ्यात असं पिल्लू मारलं तर तो कपाटावर जाऊन बसतो आणि खाणं सोडतो.

"पण ही तर त्याची बहीणच. लगेच ओळखेल," माई म्हणतात.

काकू मान हलवतात. मांजराची ओळख वासावर चालते. याच्या अंगाला आता या घराचा वास, तिच्या अंगाला पार्किंगचा. पहिल्यांदा फिस्कारतीलच. शिवाय चिवड्याच्या लसी झाल्यात, तिची एकही नाही. पार्व्होच्या जातीचा मांजरांचा विषाणू फरशीवर महिनोन् महिने टिकतो. म्हणून आधी डॉक्टर, जंताचं औषध, लस आणि मग निदान पंधरा दिवस बंद खोली. या खोलीतलं फडकं त्या खोलीत, त्या खोलीतलं या खोलीत. बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांचे बाऊल. मग दार बोटभर उघडायचं. लिटरचे ट्रे दोघांना तीन.

"आणि चौथा-पाचवा महिना लागला की दोघांची ऑपरेशनं," काकू म्हणतात.

"अहो, भाऊ-बहीण आहेत ना?"

"माई, मांजरांत राखीपौर्णिमा नसते."

भावोजी पहिल्यांदा हसतात, आणि लगेच बोटांवर खर्च मोजायला लागतात. दोन ऑपरेशनं, वर्षाच्या वर्षाला लसी, दुप्पट खाणं, दिवाळीत गावी जाताना दोघांना सांभाळायला माणूस. बोटं संपतात. त्यांचं काही चुकत नाहीये. उलट हा हिशेब आधी न करणाऱ्यांचीच पिल्लं पुढच्या पावसाळ्यात काकूंच्या दाराशी खोक्यात सापडतात.

मी ताईला विचारते, "चिवडा नसता तर तू हिला घेतली असतीस का?"

ताई व्हिडिओ परत लावते. पूर्ण बघते. "घेतली असती," ती म्हणते. "याच्यासाठी म्हणून नाही. हिच्यासाठी."

"आणि नाही पटलं दोघांचं तर?" भावोजी.

"तर एक आपल्या खोलीत, एक बाहेर. मांजरं भांडली म्हणून परत खाली सोडायची नाहीत."

भावोजी माईंकडे बघतात. "माझ्या खोलीत ट्रे नको," माई म्हणतात, "बाकी काही नाही." पाय मात्र अजून साडीतच.

शनिवारी सकाळी भाटी आधी डॉक्टरांकडे जाईल, तिथून थेट मागच्या खोलीत. तिसरा ट्रे भावोजींनी आत्ताच मागवला आहे. आणि खराट्याचा हीर पहाटे पाचला हलवायची जबाबदारीही त्यांच्याकडेच आलीय, कारण पांघरुणाखाली बोटं त्यांचीच होती.