जोनी मिचेल (७) : खुंट्यांचं प्रकरण

'ब्लू' या अल्बमवर पुढच्या आठवड्यात. शब्द दिला होता हे खरं, पण मिरजेहून आलेल्या एका पत्रानं वाट अडवली. पत्रलेखक गिटार वाजवतात. 'बिग यलो टॅक्सी'च्या कॉर्ड्‌स पुस्तकात बघून अगदी बिनचूक वाजवल्या, तरी गाणं जोनीसारखं लागत नाही, असं का, हा त्यांचा प्रश्न.

लागणार नाहीच. तिची गिटार मुळात वेगळी लावलेली आहे. आपण नेहमी जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई अशी लावतो. तिनं या गाण्यासाठी लावली ई, बी, ई, जी शार्प, बी, ई. ई हा षड्ज धरा, की झालं सा, प, सा, ग, प, सा. मिरजेच्या माणसाला याहून जास्त काय सांगायचं! डावा हात न लावता सहाही तारा छेडल्या तरी पूर्ण मेजर कॉर्ड वाजते. पाचव्या फ्रेटवर एकच बोट आडवं टाकलं की मध्यमावरची कॉर्ड, सातव्यावर टाकलं की पंचमावरची.

यामागचं कारण म्हणून पोलिओची गोष्ट हटकून सांगितली जाते. नवव्या वर्षी पोलिओ झाला, डावा हात कमजोर राहिला, अवघड कॉर्ड्‌स धरता येईनात, म्हणून तिनं खुंट्याच फिरवल्या. गोष्ट खरी आहे, जोनी स्वतःच ती सांगते. पण मला ती अर्धीच वाटते. गायक-गिटारवादक नील यंग, तोही तिच्यासारखा कॅनडाचाच, त्यालाही लहानपणी पोलिओ झाला होता. तो बहुतेक वेळा नेहमीच्या ट्यूनिंगमध्येच वाजवतो, फार तर दोन्ही टोकांच्या तारा डीवर उतरवतो. शिवाय हाताची सोयच बघायची तर दोन-तीन ट्यूनिंग्ज पुरली असती. ब्लूजवाल्यांची ती तयारच होती, आणि साठच्या दशकात एरिक अँडरसननं तिला असली ट्यूनिंग्ज दाखवलीही होती. जोनीनं पन्नासाच्या वर केली. ही सोय नव्हे, हा नाद आहे.

नाद कशाचा? नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये बोटं आपोआप ओळखीच्या जागी जातात आणि चालही ओळखीचीच निघते. खुंट्या अशा पिळायच्या की आपल्याच हाताला वाट सापडू नये. मग चाचपडताना जे कानाला गवसेल ते गाणं. कधी ती भोवतालचे आवाज ऐकायची, पाखरांचेसुद्धा, आणि त्या सुरांना तारा जुळवायची.

हे सगळं लक्षात ठेवायला तिनं स्वतःची टिपणपद्धत केली, आणि ती मला फार आवडते. सर्वांत जाड तारेचा सूर लिहायचा. पुढे नुसते आकडे : ही तार कितव्या फ्रेटवर दाबली की पुढच्या तारेचा सूर मिळतो. 'बिग यलो टॅक्सी' म्हणजे ई-७-५-४-३-५. 'हेजिरा' या अल्बममधलं 'कोयोटी' म्हणजे सी-७-७-३-७-४. हे दुसरं लावून बघाच. सी षड्ज धरला तर सा, प, रे, म, सा, ग. रिषभ, मध्यम आणि गंधार एकदमच बोलतात. कॉर्ड कुठे टेकतच नाही. बरेचसे बेसवाले अशा कॉर्ड्‌सखाली मुकाट्यानं मूळ सूर धरून बसत, आणि तिला नेमका त्याचाच वैताग. १९७६च्या 'हेजिरा'त बेसवादक जाको पास्टोरियस आला आणि बेस गाण्याच्या मधून फिरू लागला. जाकोवर एक अख्खा लेख होईल, पण आत्ता नको.

या नादाची किंमत मैफलीत मोजावी लागे. दोन गाण्यांमध्ये तारा लावत बसायचं, तोवर श्रोत्यांशी गप्पा मारायच्या. पुढे या कटकटीला ती इतकी कंटाळली की मैफली सोडायच्या बेतात होती. १९९५च्या सुमारास रोलंडचं व्हीजी-८ हे यंत्र हाती आलं आणि तिनं तो बेत सोडला. गिटार एकदाच लावायची, ट्यूनिंग यंत्र बदलणार. १९९८च्या 'टेमिंग द टायगर'वर हे यंत्र ऐकू येतं. माझ्या कानाला तो आवाज धुतल्यासारखा लागतो, लाकूडच जाणवत नाही. पण त्या यंत्रामुळे ती वाजवत राहिली, तेव्हा तक्रार मागे घेतो.

२०१५मध्ये मेंदूतल्या धमनीविस्फारानं ती कोसळली. बोलण्याचालण्यापासून पुन्हा शिकावं लागलं. गिटारवर बोटं कुठे ठेवायची हे ती स्वतःचेच जुने व्हिडिओ पाहून शिकली. २०२२च्या जुलैत न्यूपोर्टच्या मंचावर तिनं 'जस्ट लाइक धिस ट्रेन' वाजवलं, न गाता, नुसत्या इलेक्ट्रिक गिटारवर.

आता मिरजकरांसाठी एक सूचना. ई-७-५-४-३-५ लावताना तीन तारा वर चढवाव्या लागतात आणि ताण वाढतो. त्याऐवजी सगळं दोन घरं खाली, डी-७-५-४-३-५ असं लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो चढवा. सूर तोच मिळेल, तारा वाचतील. आणि 'ब्लू'मधलं 'अ केस ऑफ यू' गिटारवर बसवायच्या भानगडीत तूर्त पडू नका. त्यात तिच्या मांडीवर गिटार नाहीच, अॅपलेशियन डल्सिमर आहे. त्याचं पुढच्या आठवड्यात, जाकोनं मध्येच घुसखोरी केली नाही तर.