शनिवारवाड्यातला खून, साष्टीचा सौदा
(लेखांक पाचवा)

गेल्या आठवड्यात आपण साराजेव्होतली ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या पाहिली. २८ जून १९१४ ला गोळ्या सुटल्या आणि महिन्याभरात ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारले. या खेपेला पुण्यात येऊ. ३० ऑगस्ट १७७३ रोजी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना गारद्यांनी शनिवारवाड्यात मारले. आनंदीबाईंच्या अक्षरबदलाची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. या खुनामागोमाग आलेल्या इंग्रज-मराठा युद्धाचे मूळ शोधायचे तर ती बाजूला ठेवलेली बरी. खरा प्रश्न वेगळा आहे. खून घरातला, मारेकरी पदरचे, मग लढाई इंग्रजांशी का झाली?

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी नारायणरावांचे काका रघुनाथराव यांना दोषी धरले, तरी पेशवाईची वस्त्रे त्यांनाच मिळाली. ते मोहिमेवर गेले आणि इकडे नाना फडणीस, सखारामबापू वगैरे कारभाऱ्यांनी बारभाईचा डाव मांडला. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. त्यांना पुरंदरावर नेऊन त्यांच्या नावाने कारभार सुरू झाला. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावाला पेशवेपद मिळाले. मुलगी झाली असती तर बारभाईंचे काय झाले असते, हा विचार नानांनाही चुकला नसेल!

गादी एक आणि दावेदार दोन, असे भांडण मराठी राज्याला नवे नव्हते. या वेळी हरणाऱ्याला बाहेर गिऱ्हाईक मिळाले, एवढाच फरक. मुंबईकर इंग्रजांना साष्टी आणि वसई कधीची हवी होती. मुंबई म्हणजे तेव्हा चिमुकली बेटे. बंदर सुरक्षित ठेवायचे तर शेजारची साष्टी हातात असणे भाग होते. त्यासाठीच १७७२ मध्ये त्यांचा वकील मॉस्टिन पुण्यात येऊन बसला होता. म्हणजे खुनाच्या आधीपासून मागणी तयार होती, फक्त विकणारा मिळत नव्हता.

रघुनाथरावही आधी ही ठाणी द्यायला राजी नव्हते. पण करार होण्याची वाट न पाहता इंग्रजांनी डिसेंबर १७७४ च्या अखेरीस साष्टीतला ठाण्याचा किल्ला जिंकला. पुढे फेब्रुवारीत बारभाईंचे सेनानी हरिपंत फडक्यांनी रघुनाथरावांचा पराभव केला आणि त्यांना खंबायतमार्गे सुरतेला पळावे लागले. पळून आलेला माणूस घासाघीस कशाच्या जोरावर करणार? मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात साष्टी, वसई लिहून देऊन त्यांनी अडीच हजार सैनिकांची मदत घेतली, तीही स्वतःच्या खर्चाने. १८ मे रोजी गुजरातेत अडासला इंग्रज आणि पेशव्यांची फौज समोरासमोर भिडली.

इथेही युद्ध थांबण्यासारखे होते. कलकत्त्याच्या वरिष्ठ मंडळाला मुंबईचा हा परस्पर उद्योग पसंत नव्हता. त्यांच्या वतीने कर्नल अप्टनने १७७६ मध्ये पुरंदरचा तह करून सुरतेचा तह रद्द ठरवला. पण साष्टी मात्र परत दिली नाही. त्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी मुंबईचीच बाजू उचलून धरली, तेव्हा पुरंदरचा तह कागदावरच राहिला.

माझ्या मते गारद्यांच्या तलवारींनी पेशवा मारला. युद्ध मात्र मुंबईच्या कौन्सिलने आणले. ते १७८२ च्या सालबाईच्या तहाने संपले. रघुनाथरावांना दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली, साष्टी इंग्रजांकडेच राहिली. मधल्या काळात वडगावला इंग्रजांची जी नामुष्की झाली, ती पुढच्या लेखांकात.